एक चप्पल इकडे, एक तिकडे

माझ्या सासऱ्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. आमच्या लग्नात माझ्या गिरगावच्या मावशीला त्यांनी तीनदा "आपण कोण?" म्हणून विचारलं होतं. पण सात वर्षांनी ती घरी आली तेव्हा दारातल्या सँडल बघून आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "प्रिती, तुझी मावशी इली गो, डावी टाच झिजवणारी!" मावशी त्यानंतर आमच्याकडे फिरकलीच नाही.

जयवंत धोंडू पालव, वय वर्षं बहात्तर, मुक्काम लालबाग. घरात आणि गल्लीत सगळे तात्याच म्हणतात. आधी मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मिलला टाळं लागल्यावर दादरला एका चपलांच्या दुकानात चिकटले आणि सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसले. पण त्यांची खरी ओळख ही नव्हे. आमच्या गल्लीच्या गणपतीला दर्शनाची रांग लागते, तिथला चप्पल स्टँड पंचेचाळीस वर्षं तात्यांचा आहे. दहा दिवस सेवा. प्रत्येक जोड सुतळीने बांधायचा, पत्र्याचा बिल्ला हातात द्यायचा आणि दर्शन घेऊन आलेल्या माणसापुढे त्याच्या चपला सरळ मांडून ठेवायच्या. काही शहाणे स्टँडवर न देता एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात लपवतात, कारण चोर जोडी शोधतो. असा कोणी दिसला की तात्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. "पंचेचाळीस वर्षं काय मी झोपा काढतो इथे?"

आणि हेच तात्या दुसऱ्या कुठल्याही देवळात गेले की स्वतःची एक चप्पल इकडे आणि एक तिकडे ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "तिथे स्टँडवर मी आहे का?"

पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या स्टँडवरून एकच चप्पल हरवली. ती पहिल्याच वर्षी, एकोणऐंशी साली, डिलाईल रोडच्या एका मुलीची. एक सापडली, दुसरीचा पत्ता नाही. ती मुलगी सापडलेली चप्पल हातात घेऊन अनवाणी घरी निघाली, तेव्हा शरमेने तात्याही स्वतःच्या वहाणा काढून तिच्या मागे डिलाईल रोडपर्यंत अनवाणी चालत गेले. ती मुलगी म्हणजे माझी सासू, शांता. दर गणपतीत ती हा किस्सा नव्याने सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माझी एक चप्पल अजून यांच्याकडे जमा आहे." त्यावर तात्या वैतागायचे, आणि पुढच्या वर्षी ती तो सांगायला विसरली तर स्वतःच आठवण करून द्यायचे.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या चाळीतल्या खोलीत ओल आलेल्या भिंतीवर जपानच्या फुजी डोंगराचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं, पुढची दहा संपली, तरी त्यांनी तो डोंगर उतरवू दिला नाही. चाळीची बावीस मजली इमारत झाली तेव्हा ते चित्र त्यांनी गुंडाळून सोबत आणलं. म्हणून त्यांच्या सत्तरीला निलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि मी त्या दोघांसाठी जपानची क्रूझ ठरवली. आईंनी कागदावरची बंदरं वाचली, शिमिझूपाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "इथून दिसतो?" दिसतो म्हटल्यावर त्या तयारीला लागल्या.

तयारी म्हणजे काय, तर आधी तात्यांच्या चपला. जगाला चपला घालणारा हा माणूस स्वतः मात्र शिवून शिवून तळ संपेपर्यंत तीच जोडी घालायचा. आई गुपचूप दादरला त्यांच्याच जुन्या दुकानात गेल्या आणि तपकिरी चामड्याची, अंगठ्याची एक जोडी घेऊन आल्या. माप सांगावं लागलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

आम्ही तिकीट रद्द करायला निघालो होतो. एक दिवस तात्या म्हणाले, "तिने चपला आणल्यात." निलेशला सुट्टी मिळेना, म्हणून आईंच्या जागी मी गेले. मी तापट आहे, हे इथेच सांगून टाकते. सासऱ्यांबरोबर एका केबिनमध्ये आठ दिवस, या कल्पनेने निघण्याआधीच माझं डोकं दुखायला लागलं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी बोट शिमिझूला लागली. डेकवर सगळे मोबाइल वर धरून उभे होते. फुजी खरोखरच होता, अर्धा ढगात. तात्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "कॅलेंडरवर मोठा होता." मग पायातल्या चपलांकडे बघून हळूच म्हणाले, "बघितलास ना?" मी दुसरीकडे बघत राहिले.

बोटीवरून टूरच्या बसेस सुटत होत्या. झेंडा धरलेली मुलगी, मागे चाळीस माणसं. तात्यांनी साफ नकार दिला. "झेंड्याच्या मागून मी मोर्चात पुष्कळ चाललोय. आता आपण आपले फिरू." निलेशने फोनवरून बजावलं, टूरच घ्या, टूरवाल्यांसाठी बोट थांबते, तुमच्यासाठी थांबणार नाही. मला त्याचा राग आला आणि मीही म्हटलं, आपले आपण फिरू. चारच्या आत बोटीवर परत यायचं होतं. नकाशा माझ्या फोनमध्ये होता, भाषांतराचं ॲप होतं. नऊ तास हातात, घाई कसली?

सुरुवात तर छानच झाली. मासळीबाजारात तात्यांचा जीव रमला. परडीत वाळवलेली बारीक गुलाबी कोळंबी बघून त्यांनी माझं मनगट धरलं. "अगो, हो तर जवळो!" विकणाऱ्या बाईने त्यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. तात्यांनी डोळे मिटून खाल्ली, मान डोलावली आणि तिला मराठीत समजावून सांगितलं की कांदा भरपूर घाल, आणि दोन कोकमं. तीही मान डोलवत होती. मग आम्ही गल्ल्यांमधून भटकलो. घरांच्या दारात कुंड्या आणि सायकली होत्या, कागदाचा कपटाही कुठे नव्हता. आणि तात्या दर दोन मिनिटांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांवर शेरे मारत होते. "हा उभ्याने काम करणारा आहे." "हिला अर्धा नंबर मोठा पाहिजे."

एक वाजायच्या सुमाराला दोन घरांच्या मधे एक छोटं देऊळ लागलं. दगडी कमान, मागे मोठी झाडं आणि आत लाकडी गाभारा. तात्या थांबले. त्यांनी आधी उजवी चप्पल काढून कमानीच्या उजव्या खांबामागे ठेवली, मग लंगडत डावीकडे जाऊन दुसरी एका दगडी दिव्याच्या आडोशाला सरकवली.

"तात्या, इथे चपला काढत नाहीत," मी म्हटलं. "ती बघा, बाई बूट घालून आत गेली."

"तिला कोणी सांगितलं नसेल."

"आणि लपवताय कोणापासून? इथे कोण चोरणार आहे?"

"देऊळ आहे ना? मग!"

आत दगडी कुंडात पाणी आणि लांब दांड्याच्या पळ्या होत्या. त्या हात धुण्यासाठी असतात, तात्यांनी पायही धुतले. मी इकडेतिकडे बघून घेतलं.

मग ते गाभाऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या घरी, म्हणजे सासरी, कुठलंही काम देवाला मोठ्याने सांगितल्याशिवाय होत नाही. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची, तरच ते देवापर्यंत पोचतं असं म्हणतात. मी गिरगावची, आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलतात. चौदा वर्षं मी ओठ नुसते हलवत आले होते, कारण आईंचा आवाज एकटाच चार खोल्यांना पुरायचा.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव माका ठाऊक नाय. पण आमी लालबागसून तुझ्या दारात इलंव..." तात्या म्हणाले आणि थांबले. सवयीने थांबले. आईंची जागा मोकळी होती. मी घसा खाकरला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि मला लाज वाटली. मी काहीच बोलले नाही. तात्यांनी पुढचं गाऱ्हाणं मनातल्या मनात उरकलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

गाभाऱ्याच्या मागे उन्हात एक बाक होता. तिथे बसून आम्ही मासळीबाजारातून आणलेला भात खाल्ला आणि खाता खाताच तात्यांचे डोळे मिटले. आई गेल्यापासून हा माणूस नीट झोपलेला नव्हता. पहाटे तीनला स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज यायचा. तिथे बाकावर, अनवाणी पाय पुढे पसरून, ते तोंड उघडं टाकून घोरायला लागले. उठवायचं माझ्या जिवावर आलं. पंधरा मिनिटं म्हणता म्हणता दीड तास गेला. पावणेतीनला मी त्यांना हलवलं.

कमानीपाशी आलो तर उजव्या खांबामागे चप्पल नव्हती. डावीकडे दिव्याच्या आडोशालाही नव्हती.

आधी मला हसू आलं. मग मी तात्यांचा चेहरा बघितला. ते खांबाभोवती फिरत होते, पुन्हा दिव्यापाशी जात होते, वाकून झुडपाखाली बघत होते. देवळाचं सगळं आवार आम्ही दोनदा पालथं घातलं. तीन वाजून गेले. बंदर चालत चाळीस मिनिटं, आणि तेही पायात काही असेल तर.

"तात्या, चला. माझे मोजे घाला. वाटेत टॅक्सी मिळाली तर करू. बोटीवर तुमचे बूट आहेत."

ते कमानीच्या पायरीवर बसले. "तू हो पुढे."

"पुढे हो म्हणजे? बोट सुटेल!"

"सुटू दे."

आणि मग मी ओरडले. चौदा वर्षांत सासऱ्यांवर पहिल्यांदा, तेही परक्या देशात, देवाच्या दारात. सांगत होते ना काढू नका म्हणून! सांगत होते ना लपवू नका म्हणून! एका चपलेच्या जोडीपायी इथे राहायचं का आपण? बाहेर लपवलेली चप्पल गेली म्हणून स्टँडवर रडत येणाऱ्यांना तुम्हीच सांगता ना, गेली तर गेली, पाय शाबूत आहेत?

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "हां. सांगायचो. त्या लोकांच्या चपला शांताने थोड्याच आणल्या होत्या?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले. राग आल्यावर मला रडू येतं असं निलेश म्हणतो, पण ते रागाचं नव्हतं. मला त्या चपला हव्या होत्या. त्यांच्याइतक्याच.

समोरच्या घरातून एक आजीबाई कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आल्या होत्या. माझं ओरडणं त्यांनी ऐकलंच असणार, अख्ख्या गल्लीने ऐकलं असणार. त्यांनी झारी खाली ठेवली, जवळ आल्या, तात्यांचे अनवाणी पाय बघितले, मग कमानीचा खांब दाखवला आणि भराभर काहीतरी बोलल्या. मी फोन पुढे धरला. पडद्यावर मराठी उमटलं: एक वस्तू मी दिली. पोलीस. वळणावर.

"पोलीस?" तात्या उभे राहिले. "चपलेसाठी पोलीस?"

वळणावर खरंच एक छोटीशी पोलीस चौकी होती, आमच्या दूध केंद्राएवढी. आत एक तरुण पोलीस. त्याला मी पायांकडे बोट दाखवलं, एवढंच पुरलं. त्याने मागच्या कपाटातून एक प्लास्टिकची पारदर्शक पिशवी काढली. तीत तात्यांची उजवी चप्पल, तिला दोरीने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. तात्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. एकच होती. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला एकोणऐंशी साल आठवलं, त्यांना तर आठवलंच असणार.

पोलिसाने ती मेजावर ठेवली. मग जरा थांबून, काहीतरी लक्षात आल्यासारखं, दुसरा कप्पा उघडला. तिथे दुसरी पिशवी होती. तीत डावी. वेगळी चिठ्ठी, वेगळा नंबर. ती अर्ध्या तासाने एका शाळकरी मुलीने आणून दिली होती, असं त्याच्या भाषांतराच्या यंत्रावर उमटलं. दोन जागी मिळालेल्या दोन वस्तू, म्हणून त्या पोलिसाने दोन वेगळ्या नोंदी केल्या होत्या. आता त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या, एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग फॉर्म आला. पासपोर्टची झेरॉक्स, नाव, बोटीचं नाव. घड्याळात तीन पंचवीस. शेवटी त्याने त्याच्या यंत्रात काहीतरी विचारलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी कशा हरवल्या?

मी खरं तेच सांगायला तोंड उघडलं, की चोरीला जाऊ नयेत म्हणून. तात्यांनी माझा दंड दाबला. "नको, नको. असं सांगू नको. लालबागचं नाव कशाला खराब? सांग, म्हातारा आहे. विसरतो."

पंचेचाळीस वर्षं एकाही जोडीचा विसर न पडलेल्या माणसाने स्वतःला विसरभोळा ठरवलं आणि खाली सही केली.

मग त्या पोलिसाने चिठ्ठ्या सोडल्या, पिशव्या बाजूला केल्या, मेजाला वळसा घालून पुढे आला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही चपला तात्यांच्या पायांपुढे जमिनीवर ठेवल्या. सरळ, जोडीने, पाय घालायला सोप्या पडतील अशा. तात्या हलेचनात. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या पायाशी बसले होते, त्यांच्या पायाशी कोणी बसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या, वाकले, आणि त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. तिथे असं करतात की नाही, मला माहीत नाही. तो मात्र तसाच मान खाली घालून गुडघ्यावर बसून राहिला, हात निघेपर्यंत.

टॅक्सी त्यानेच फोन करून बोलावली. वाटेत देवळाच्या दारात आजीबाई अजून उभ्या होत्या. तात्यांनी काच खाली करून पाय वर उचलून त्यांना चपला दाखवल्या. मी त्यांना आत ओढलं नसतं तर तो पाय खिडकीबाहेर गेला असता. चारला चार मिनिटं कमी असताना आम्ही बोटीच्या शिडीवर चढलो. निलेशचे सात मिस्ड कॉल होते. मी त्याला लिहिलं, मस्त फिरलो.

बोट सुटायच्या वेळी तात्या वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे होते. फुजी आता पूर्ण ढगात गेला होता. त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच, घरांच्या गर्दीत ती झाडं कुठे दिसतात का ते बघत होते. मग म्हणाले, "देवाला सांगायचं राहिलं गो. मघाशी अर्धवट झालं." आणि त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या दारात ठेवलेल्यो चपलो गावल्यो. जेणी कोणी त्यो उचलून दिल्यो, तेंचा बरा कर..."

ते थांबले. आजूबाजूला पंचवीसएक माणसं होती, सूट घातलेली, सेल्फी काढणारी. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आवाज मात्र चढला. "आणि माझी शांता जंय आसात, थंय तिका सांग, डोंगर बघितलो. तिच्यो चपलो पायात आसत. दोनय!"

"व्हय म्हाराजा."

"मोठ्यान म्हण गो," तात्या डोळे पुसत म्हणाले. "तिचा आवाज चार खोल्यांत जायचा."

मी कठडा धरला, आणि सगळा डेक मागे वळून बघेल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हटलं.